हातभर अंतरावर

तू जाऊन आज नऊ दिवस झाले आणि मी तुझ्याशी पहिल्यांदाच बोलतो आहे. अकरा वर्षं एका छपराखाली काढली आपण. तुझ्या हातची भाकर खाल्ली, तुझ्या हातच्या डाळीला नावं ठेवली, पण 'अगं' म्हणून तुला कधी हाक मारली नाही. मी तुझ्या नवऱ्याचा थोरला भाऊ, तुझा भासरा. भासऱ्यानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नसतं, तिचं तोंड पाहायचं नसतं, तिला हात लावायचा नसतो. तू होतीस तोवर हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून पाळलं. आता तू नाहीस, तर कागदावर बोलायला मला कोण अडवणार?

उद्या तुझा दहावा. तो झाला की मला धाकट्याला एक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या गळ्यात घास अडकला आणि तू गेलीस, एवढं त्याला ठाऊक आहे. तो घास काढायचा कसा हे मला माहीत होतं, हे त्याला ठाऊक नाही. गावालाही नाही. सखू माळणीला बहुतेक आहे, पण ती नुसती माझ्याकडे पाहते आणि वांग्यांची टोपली उचलून पुढं जाते. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. धाकट्याला सांगायच्या आधी मी तुला सांगतो आहे, कारण तुला सांगायला सोपं आहे. बघ, अजूनही सोपं तेच आधी करतो.

आपण बोललो नाही असं म्हणतो खरा, पण भांडलो किती! माझी बायको होती तोवर आपली भांडणं तिच्या तोंडून व्हायची. ती गेली, मग तुझी गोदी मधे उभी राहू लागली. सात वर्षांची पोर, इकडचा निरोप तिकडे नेताना अर्धा विसरायची आणि उरलेल्यात आपलं काही घालायची. आणि गोदी घरी नसली की तू गाईशी बोलायचीस. मी ओसरीवर जेवत असायचो, तू आत चुलीपाशी, आणि मधे अंगणात बिचारी कपिली रवंथ करत उभी. मी हवेत बोलल्यासारखं म्हणायचो की डाळीत आज मीठ नाही. आतून आवाज यायचा, "कपिले, मोठ्यायले सांग, मीठ हाय. जीभ धुऊन या मनावं एकडाव." मी रागानं ताट सारायचो. आणि परसात जाऊन हसायचो. हे तुला कळलं असेल का? मला वाटतं कळलं असेल, कारण दुसऱ्या दिवशी डाळ बरी व्हायची.

हे हसू आता आठवतं आणि हातातली लेखणी खाली ठेवावी लागते. त्या दिवसांत घरात काही तरी येऊन बसलं होतं आणि मला ते दिसत नव्हतं. मी त्याला भरभराट म्हणत होतो.

सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली म्हणे, आणि आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नसेल असा भाव आला. तीन वर्षांत घराचा रंग पालटला. त्याआधी आपण सगळेच वेचणीला जायचो, आठवतं? माझी बायको, तू, धाकटा, मी. डोक्यावर पदर घेऊन तू माझ्यापासून तीन ओळी सोडून वेचायचीस आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे. एकदा तू ओरडलीस, "पाय मागं घ्या! साप!" मी पाय मागं घेतला. जिथं टाकणार होतो तिथून तो सरसरत गेला. तू थेट माझ्याशी बोललीस, सगळ्या वावरासमोर, मोठ्यानं. आणि मी संध्याकाळी धाकट्याला काय म्हणालो? "तुह्या बायकोले आवाज आवरा लाव." त्यानं तुला ते सांगितलंच असणार. त्या दिवसानंतर मी तुझा आवाज वावरात ऐकला नाही. तू मला वाचवलंस, बाई. हे चार शब्द तेव्हा कपिलीला जरी सांगितले असते तरी चाललं असतं.

पैसा आला आणि मला मोठ्या घराची हौस आली. देशमुखांच्या बायका उंबऱ्याबाहेर येत नाहीत, मग आपल्या तरी का याव्यात? मी अकोल्याहून गवंडी आणला आणि ओसरी आणि चूल यांच्या मधे आडभिंत घातली, गोठ्याच्या बाजूनं जाण्यापुरती जागा सोडून. यंदाच्या हंगामात फर्मान काढलं की आपल्या घरची बाई वेचणीला जाणार नाही, मजूर लावू. तू गोदीकरवी विचारलंस, "वावरात सारं गाव असते. घरात मी एकली. मले काही झालं तं आवाज कोनाले देऊ?" नेमकं हेच विचारलंस. गोदीनं या खेपेला एक शब्दही गाळला नाही. मी म्हणालो, "तुह्या मायले सांग, घरात काय होते?"

घरात काय होते! मी म्हणालो होतो हे.

आता सखूच्या पोरीची गोष्ट. मागच्या बोरांच्या दिवसांत सखू आपल्या ओट्यावर टोपली उतरवून बसली होती आणि तिची तीन वर्षांची चिंगी बोरं खात होती. खाता खाता पोर एकदम गप्प झाली. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. सखू तिच्या टाळूवर थापटू लागली, मी लोटा पुढं केला. तू आतून धावत आलीस, मी ओट्यावर असताना आलीस, आणि सखूला ओरडलीस, "पानी नोको देऊ! बोट बी नोको घालू, आठळी आत जाईन!" पोर हिसकावून घेतलीस, मांडीवर पालथी टाकलीस, डोकं खाली, आणि तळहाताच्या टाचेनं दोन्ही खांद्यांच्या मधे मारलंस. एक, दोन, तीन. मला वाटलं तू पोर मारते आहेस. चौथ्याला बोराची आठळी उडून माझ्या पायाशी पडली. मग पोरीनं जे भोकाड पसरलं! सखू तुझ्या पाया पडू लागली आणि तू तोंडावरचा पदर आणखी पुढं ओढून आत पळालीस, कारण मी समोर होतो.

मला मात्र राग आला. कशाचा, ते आज कळतं. मी लोटा घेऊन उभा होतो आणि तो लोटा चुकीचा ठरला होता. त्या दिवशी मी जेवताना हवेत म्हणालो की आमच्या वाडवडिलांपासून ठसका लागला की पाणीच देतात. कपिलीला लगेच निरोप मिळाला, "इचार त्यायले, तुंबलेल्या मोरीत पानी ओतलं तं मोरी मोकळी होते का भरते?" मी म्हणालो, गोष्टी बायकांच्या. तू म्हणालीस, "माही माय रिद्धपुराकडे निम्म्या गावाची बाळंतपणं करते. लेकरू रडलं नाई का असंच पालथं धरते. बायकाच्याच गोष्टी हायेत ह्या."

दुसऱ्या दिवशी तू अंगणात गोदीला शिकवलंस. कापसाचं उभं बोचकं घेतलंस. मी ओसरीवर कुणाचं तरी पत्र लिहीत बसलो होतो आणि तू मुद्दाम मोठ्यानं बोलत होतीस. माझ्याकडे पाठ करून, पण माझ्यासाठी. "खोकलून राहिलं मानूस तं खोकलू द्याचं, मधात पडाचं नाई. खोकला बंद, आवाज बंद, हात गळ्याशी, तवा वाट पाहाची नाई. मोठं मानूस मांडीवर येत नाई. मंग बाजूनं उभं राहाचं, एक हात छातीले लावून धराचं, कमरेतून वाकवाचं, तोंड भुईकडे. अन् दुसऱ्या हातानं हाना. लाजू नोका. जोरानं हाना." आणि बोचक्याला असे रट्टे घातलेस की कापूस अंगणभर उडाला. गोदी खिदळत होती. मी पत्रात एक ओळ दोनदा लिहिली.

तू मला निरोपही पाठवलास की मोठ्यायनी हे चावडीवर सांगावं, त्यायचं लोक ऐकतात. मी नाही सांगितलं. बाईच्या जातीनं शिकवलेलं चावडीवर सांगू? आपला हा वाद तिथंच राहिला. त्यात तुझं बरोबर होतं, आणि हे मला ती आठळी पायाशी पडली तेव्हाच कळलं होतं.

आता त्या दिवसाचं.

सगळं गाव वावरात होतं. हंगाम भरात, बोंडं फुटलेली, मजुरी अशी की म्हाताऱ्या सासवासुद्धा ओटी बांधून वेचायला गेल्या होत्या. गोदीही त्यांच्यामागं गेली होती. धाकटा गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात. गल्लीत कुत्रं नव्हतं. बाई म्हणून सगळ्या आळीत तू एकटी घरात, कारण मी ठेवली होती. बोचकी बांधायला चादरी कमी पडल्या म्हणून मी भर दुपारी घरी आलो. आडभिंतीपाशी थांबलो आणि रिवाजाप्रमाणे खाकरलो.

भासऱ्यानं घरात शिरताना खाकरायचं. म्हणजे आतल्या बाईला कळतं, ती पदर घेते, उठते, बाजूला होते. जन्मभर खाकरत आलो मी. माझं खाकरणं जरा जोराचंच, धाकटा म्हणायचा की बैल दचकतात. तू जेवत होतीस. कालचा रोडगा, निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा, गार झालेला, कडक. तुझ्या तोंडात घास होता. तू दचकलीस, घाईनं उठलीस, पदर ओढलास आणि तो घास तसाच गिळलास. हे मी पाहिलं नाही. पण तुझ्या पानात मोडलेला रोडगा होता आणि पाट कलंडलेला होता. यापेक्षा वेगळं काय झालं असणार?

आतून आवाज आला नाही. ना ठसका, ना खोकला. मी म्हटलं, बाजूला होते आहे. उभा राहिलो. आणखी थोडा थांबलो. केवढी मर्यादशील, पावलाचाही आवाज नाही, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. मी भिंतीच्या अलीकडे तुझं कौतुक करत होतो आणि पलीकडे तुझा श्वास बंद झाला होता.

मग तू भिंतीला धरून बाहेर आलीस. पदर खांद्यावर, हात गळ्याशी. मला तुझं तोंड पहिल्यांदा दिसलं. कपाळावर गोंदण होतं, तीन ठिपके. अकरा वर्षं मला ठाऊक नव्हतं. तू माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबलीस, माझ्याकडे पाहिलंस, आणि स्वतःच कमरेतून वाकलीस.

माझ्यासमोर वाकलीस. पाठ पुढं केलीस. यापेक्षा स्पष्ट कुणी कुणाला काय सांगावं?

मला सगळं आठवत होतं. बोचकं, छातीला लावायचा हात, तोंड भुईकडे. एकेक शब्द. आणि त्यातला एकच शब्द माझ्या अंगावर आला, छाती. धाकट्या भावाच्या बायकोच्या छातीला हात लावायचा, भर दुपारी, रिकाम्या घरात. माझा हात उठला. उठलेला मी पाहिला. मी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि गल्लीत धावलो, "कोनी बाई हाय काय? अवं, कोनी बाई हाय काय?" असं ओरडत. बाई! माणूस हवा होता आणि तो मी होतो.

सखू टोपली घेऊन वळणावर होती. ती टोपली टाकून धावली. पोचली तोवर तू कपिलीपाशी पडली होतीस. सखूनं तुला कुशीवर घेतलं, मारलं, पुन्हा मारलं. घास निघाला, हरभऱ्याएवढा. तो तिनं तळहातावर घेऊन मला दाखवला. तू परत आली नाहीस. सखूनं मला विचारलं, "दादाजी, तुमी कवाचे हा इथं?"

तेव्हापासून लोक येताहेत. वरच्या आळीतले म्हातारे ओसरीवर बसतात, मान हलवतात, म्हणतात, "भासरा असा पायजे. जीव चालला होता तरी मर्यादा नाई सोडली." काल परतवाड्याचे पाहुणे आले, त्यांना ही गोष्ट आधीच कळली होती. त्यांच्यातल्या एकानं आपल्या धाकट्या भावाकडे वळून म्हटलं, "पाह्य, शिक." आता ही गोष्ट बैलगाड्यांबरोबर गावोगाव जाणार. कुठल्या घरात कुणी थोरला ती ऐकून मान डोलावेल, आणि त्या घरात दुपारी कुणी बाई एकटी जेवत असेल. मला रात्रंदिवस हेच दिसतं. मी तोंड उघडलं तरच हे थांबेल, आणि उघडलं तर धाकटा माझा राहणार नाही. एवढाच एक भाऊ मला. आईबाप गेल्यावर खांद्यावर घेऊन वाढवलेला.

आज इथंच थांबतो. उद्या नदीवर जायचं आहे.

*

दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून आम्ही मागं सरतो न सरतो तोच. लोक म्हणाले, बाईची काही इच्छा राहिली नाही, तृप्त होऊन गेली. मी तिथं वाट पाहत होतो की कावळा येणार नाही, सगळे खोळंबतील, आणि मग मला बोलावंच लागेल. तू तेवढीही सोय ठेवली नाहीस. तुझं खरंच काही मागणं नव्हतं, की माझ्याकडे मागून काही होत नाही हे तुला कळून चुकलं होतं?

घरी आलो. पाहुणे पांगले. धाकटा अंगणात आडभिंतीला टेकून बसला होता, डोकं भादरलेलं, लहानपणी दिसायचा तसा. कुणी तरी त्याला आजच दुसऱ्या लग्नाचं सुचवून गेलं होतं. म्हणाला, "दादा, हे लोक थांबतच नाईत. गोदीले माय पायजे म्हनतात. घर चांगलं हाय, तूही चांगला, कोनीबी पोरगी देईन म्हनतात."

तूही चांगला. म्हणजे मी. माझ्या नावावर या घरात दुसरी येणार, त्याच भिंतीच्या आत, त्याच चुलीपाशी. मग मात्र माझ्यानं राहवेना.

मी सगळं सांगितलं. आठळी, बोचकं, कपिलीला सांगितलेली मोरी. खाकरलो ते. तू वाकलीस ते. माझा हात उठला ते. काही राखून ठेवलं नाही, छातीचा शब्दही नाही. तो ऐकत होता आणि जमिनीवरची काडी मोडत होता, बारीक बारीक तुकडे करत होता.

मोडायला काडी उरली नाही तेव्हा त्यानं विचारलं, "ती तुह्याकडे पाहून राहिली होती?"

"हो."

"अन् तू?"

"भिंतीकडे."

मला वाटलं आता तो मारेल. मी त्याची वाटच पाहत होतो, दादापण सगळं खाली ठेवून. तो उठला. माझ्याजवळ आला, हातभर अंतरावर उभा राहिला, आणि कमरेतून वाकला.

"दाखव," म्हणाला.

"काय?"

"कसं करा लागते ते. मी बाजारात होतो. मले दाखव."

मी हलेना तेव्हा त्यानं माझा डावा हात धरला आणि स्वतःच्या छातीला लावून घेतला. आत काळीज उडत होतं. मी उजव्या हातानं त्याच्या पाठीत मारलं, हलकंच. "जोरानं," तो म्हणाला. मी मारलं. "अजून." मी मारलं, तू बोचक्याला मारायचीस तसं, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. त्याच्या तोंडातून दर रट्ट्याला श्वास बाहेर पडत होता, मोठ्यानं, साऱ्या अंगणात ऐकू जाईल असा. गोदी दारात येऊन उभी राहिली आणि भिऊन तोंडावर हात ठेवून पाहू लागली.

पाचव्याला मी थांबलो. तो वाकलेलाच होता. जमिनीकडे पाहतच त्यानं विचारलं,

"एवढंच?"

मी म्हणालो, "एवढंच."